वाकड्यालाच शून्य

५ मार्च

वहिनी,

नमस्कार झाला, आता चमत्कार सांगतो. तुमचं पत्र चक्क पोचलं. रेशनच्या ट्रकमध्ये कांद्याच्या पोत्याखाली दबून आलं, त्यामुळे वाचताना डोळ्यांत पाणी आलं. गैरसमज नको, कांद्यामुळेच.

फोन लागत नाही म्हणून चिडलात ते कळलं. इथे डोंगराच्या पोटात बोगदा खोदतात आणि आम्ही पत्र्याच्या खोल्यांत राहतो. रेंज शोधायला डोंगर चढावा लागतो, आणि दिवसभर डंपरचे टायर बदलून झाल्यावर माझ्यात खाटेवर चढायचीही ताकद उरत नाही. कानात धूळ, नाकात धूळ, भाकरीतही धूळ. तेव्हा ट्रकच बरा.

आता गाडीचं. स्टिअरिंग दगडासारखं झालंय आणि समोर पिवळा दिवा लागतो म्हणता, म्हणजे रॅक गेला. रॅक म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या मध्ये आडवी बसलेली लांब दांडी. तिच्यावर एक मोटर असते, आपण स्टिअरिंग फिरवलं की ती मोटर जोर लावते. मोटर मेली की सगळा जोर माणसाचा. एक मात्र पटलं नाही. दादा म्हणतो डावीकडे वळताना जास्त जड लागतं. मोटर मेली तर दोन्हीकडे सारखंच जड लागायला हवं. पण तो उस्ताद, मी चेला. म्हणत असेल तर असेल.

नवा रॅक घेऊ नका. भंगारवाल्याकडे आपल्याच मॉडेलची मागून ठोकलेली गाडी शोधा. मागून ठोकलेलीच, पुढून नव्हे. रॅक घरी बदलता येतो. दादाने आजवर असे किती बदलले असतील. डायलिसिसच्या पेशंटांना आणण्या-नेण्याचं त्याचं काम बुडायला नको, म्हणून लवकर करा.

मला चार दिवस या म्हणता. मुकादम सुट्टी देत नाही वहिनी, फार कडक माणूस आहे.

दादाला त्याचंच वाक्य ऐकवा: "आधी हातातलं चाक बांध, मग पायातली चाकं काढ." मी पहिल्यांदा रॅक काढला तेव्हा स्टिअरिंग बांधायला विसरलो होतो. ते गरागरा फिरलं आणि हॉर्नखालची तारांची पट्टी तुटली. दादा म्हणाला होता, "हा स्वतःही असाच आहे. बांधला नाही की फिरतो, आणि आतलं काहीतरी तोडून ठेवतो."

तुमचा,
भिंगऱ्या

*

२१ मार्च

भाऊजी,

तुमच्या मुकादमाला माझा नमस्कार सांगा. कडक आहे म्हणता, पण तुम्ही कोल्डस्टोरेजमध्ये होतात तेव्हाचा साहेबही कडक होता आणि बोटींच्या कारखान्यातलाही. जगातले सगळे कडक साहेब तुमच्याच वाट्याला कसे येतात कोण जाणे.

रॅक बसला. कोणी बसवला ते विचारा. मी.

ह्यांची पाठ धरली होती, वाकता येईना. "मी सांगतो तसं कर," म्हणाले. मी म्हटलं, मला ओट्याखालचा नळ बदलता येत नाही. तर म्हणाले, "नळ अवघड असतो, हे सोपं आहे."

आधी बॅटरीची तार काढली. स्टिअरिंग सरळ करून सीटबेल्टने बांधलं. पायांपाशी स्टिअरिंगची दांडी खाली रॅकला जिथे जोडतात, त्या जॉइंटवर खूण करायची होती. हे म्हणाले रंग आण, मी नेलपॉलिश आणली. लाल. लावायला सवड मिळेना म्हणून बाटली सुकत चालली होती, आता निदान गाडी तरी नटली. मग गाडी उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या, पुढची चाकं काढली, दोन्ही टोकांचे जॉइंट सोडवले. एक काही केल्या सुटेना. हे म्हणाले, "हाण." मी हाणलं. म्हणाले, "असं नाही, माझ्या बहिणीवरचा राग काढ." लगेच सुटला. नणंदबाईंना सांगू नका.

रॅक बाजूने ओढून काढताना माझ्या केसांत इतकी ग्रीस गेली की शेजारचे शिंपीकाका कुंपणावरून म्हणाले, "सूनबाई, हे तेल कुठल्या कंपनीचं?" त्यांना काय, मशीनला तेल घातलं की दिवस संपला. भंगारातला रॅक इकडून तिकडे फिरवून मधोमध आणला आणि वर चढवला. मी खाली झोपून धरला आणि ह्यांनी वरून, पायांपाशी हात घालून, जॉइंट बसवला. तेवढंच ह्यांनी स्वतः केलं. मला बघूही दिलं नाही.

मग लॅपटॉपवाला मुलगा आला. स्टिअरिंगची सरळ जागा कुठली, हे गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवावं लागतं म्हणे. तो आत बसला आणि म्हणाला, "काका, पुढची चाकं सरळ आहेत, पण स्टिअरिंग वाकडं आहे. जॉइंटच्या आतल्या दात्यांत एक दात चुकलाय. तेवढा सरकवा, मग मी शून्य करतो."

हे म्हणाले, "ह्यालाच शून्य धर."

"अहो, वाकड्याला शून्य कसं धरू?"

"धर रे. आमच्या घरी तसंच चालतं. माझा भाऊ बघितला नाहीस का?"

त्याने डोकं खाजवलं आणि धरलं. दिवा गेला. मी अंगणातच गाडीत बसून फिरवून बघितलं, स्टिअरिंग फुलासारखं हलकं. पण गाडी सरळ जाताना ते थोडं उजवीकडे झुकलेलं असतं, आणि ते बघून मलाच मान तिरकी करावीशी वाटते.

खाली हे दोन शब्द लिहितायत.

वहिनी

*वाकडं नाही. बरोबर आहे. तू तुझं बघ. — दादा*

*

२ एप्रिल

वहिनी,

मेसमध्ये तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. नणंदेचं वाचलं तेव्हा आचाऱ्याच्या हातून डाव पडला. आता इथे कुठलाही नट अडला की माणसं म्हणतात, "बहिणीवरचा राग काढ." तुम्ही बोगद्यात प्रसिद्ध झालात.

पण उस्तादाचा दात चुकला! दादाचा! एक दात सरकला म्हणून मला अख्खं गॅरेज झाडायला लावणारा माणूस. त्याला सांगा, म्हातारपण आलं, चष्मा लाव. आणि ते अक्षर? कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली असं वाटलं. मी कसाबसा सहावीपर्यंत गेलो, तरी माझं अक्षर सुंदर ठरलं. बॉनेटवर ठेवून लिहिलं असणार.

चेष्टा सोडा, ते सरळ करून घ्या. अवघड नाही. बेल्टने बांधा, जॉइंट वर ओढा, एक दात फिरवा, परत बसवा. लॅपटॉपवाल्याला परत बोलवा. वाकडं स्टिअरिंग डोळ्यांना फसवतं. गडबडीत माणूस ते सरळ करायला जातो आणि गाडी दुसरीकडे जाते.

माझं इथलंही संपत आलंय असं वाटतं. कंटाळा आला वहिनी. मुकादमाचा एक ओळखीचा समुद्राच्या मधोमध तेल काढतात तिथे माणसं पाठवतो. दोन महिने पाण्यात, एक महिना जमिनीवर. निदान धूळ तरी नसेल. बघतो.

भिंगऱ्या

*

२६ एप्रिल

भाऊजी,

समुद्रात जायचं तर जा. आम्ही कधी अडवलं?

उत्तराला उशीर झाला. जीव थकलाय. पेशंट येतात आणि जातात, त्यांच्या बरोबरीने आपलंही रक्त कोणीतरी काढून धुतंय असं वाटतं, फक्त आपलं परत घालायचं विसरतायत.

स्टिअरिंग सरळ करून घ्या असं ह्यांना सांगितलं. "हात लावलास तर बघ," म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला, तोही एका दातासाठी.

गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या फाटकातून आत वळताना गाडी खांबाला घासली. मागे आजीबाई होत्या, त्या नेहमी सगळ्यांना बडबडून हैराण करतात त्या. काही झालं नाही. फक्त दार घासलं. आजीबाई म्हणाल्या, "अरे बाबा, मला मशीनवर मरायचंय, खांबावर नाही." सगळे हसले. हेही हसले. घरी येऊन जेवले नाहीत.

विचारलं तर म्हणतात, डावीकडे वळताना अजून जड लागतं. मी रोज अंगणात उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवून बघते, मला तर दोन्हीकडे सारखंच हलकं लागतं. भंगारातला रॅक खराब निघाला असेल का? तुम्ही नीट विचार करून सांगा. तुम्हाला त्यातलं कळतं, मला कळत नाही.

नीट विचार करून सांगा, असं दोनदा लिहिलंय. मुद्दाम लिहिलंय.

वहिनी

*

१० मे

वहिनी,

नीट विचार केला. रात्रीही केला आणि दिवसाही केला. दिवसा बोगद्यात रात्रच असते म्हणा.

रॅक खराब असता तर तुम्हालाही जड लागला असता. मशीन बाई-माणूस बघत नाही. एकाला हलकं आणि दुसऱ्याला जड, असं फक्त जबाबदारीचं असतं, रॅकचं नसतं.

काल कॅम्पातल्या पिकअपमध्ये जाऊन बसलो. ती आपल्या गाडीसारखीच, ड्रायव्हर उजवीकडे बसणारा. चावी लावली आणि जागेवरच फिरवत बसलो. डावीकडे वळवताना हाताकडे बघितलं. उजवा हात वर जातो वहिनी. खांद्यातून उचलून वर न्यावा लागतो. उजवीकडे वळवताना मात्र तो नुसता खाली पडतो, स्वतःच्या वजनाने. जोर लावायचं कामच नाही.

मग उजवा हात मेलाय असं धरलं. नुसता लोंबकळत ठेवला आणि स्टिअरिंगवर टेकवायला गेलो. टेकेना, घसरून मांडीवर आला. मग स्टिअरिंग थोडं उजवीकडे झुकवलं, तुमच्या गाडीत आहे तेवढंच. स्टिअरिंगच्या चाकातली मधली आडवी दांडी उजव्या टोकाने मांडीकडे उतरली. मनगट तिच्यावर बरोबर टेकलं. हात वर उचलायची गरजच उरली नाही. डाव्या हाताने गिअर बदलायला गेलो तरी उजवं मनगट तिथे नुसतं पडून राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं, धरलंय.

तिथेच बसून राहिलो. मुकादम काचेवर टकटक करून म्हणाला, "काय रे, कुठे निघालास?"

दादाचा दात चुकला नाही. दादाचा दात कधी चुकत नाही हे जगात मला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, आणि मी मेसमध्ये हसत बसलो. त्याने हातासाठी गाडी वाकडी केली. आणि त्या कोंबडीच्या पायांवर मी विनोद केला. तो डाव्या हाताने लिहितोय ना?

त्याची पाठ धरली नव्हती, हो ना वहिनी? आता तुम्ही सांगा. मीही दोनदा लिहितो. तुम्ही सांगा.

भिंगऱ्या

*

१९ मे

भाऊजी,

पाठ धरली नव्हती.

दिवाळखोराने दुकान सजवावं तसं आम्ही इतके दिवस वागत होतो. बरं झालं, तुम्हीच दार ढकललंत.

आधी हातातून पाना पडायला लागला. मी म्हटलं, ग्रीस लागली असेल. मग शर्टाची बटणं मीच लावायला लागले. मग रॅक गेला आणि हे काही दिवस तसंच जड स्टिअरिंग ओढत राहिले. आम्हा दोघांनाही वाटलं, त्यानेच खांदा भरला असेल, रॅक बदलला की हात बरा होईल. खरं सांगते, तो रॅक मी देव्हाऱ्यासमोर हात जोडावेत तशा भक्तीने बसवला. दिवा गेला तेव्हा मला वाटलं, आता हातही सुटला.

डॉक्टरांकडे गेलो होतो. तुम्हाला लिहू नको म्हणाले. मानेतली नस दबली आहे. ऑपरेशन करावं लागेल, मग बरेच महिने व्यायाम. हात बराचसा परत येईल असं डॉक्टर म्हणतात. पण तोवर गाडी चालवायची नाही. हे शेवटचं वाक्य ह्यांनी जणू ऐकलंच नाही. कारण काम सोडलं तर दवाखाना दुसरा ड्रायव्हर लावेल, आणि एकदा दुसरा बसला की तो उठणार नाही.

ते दांडीचं मला माहीत नव्हतं. तुमचं पत्र वाचून मी अंगणात गाडीत जाऊन बसले आणि तुम्ही केलंत तसंच मनगट टेकवून बघितलं. बाई गं. किती विचार करून बसवलंय ह्या माणसाने. आणि मी खाली झोपून रॅक धरून होते.

मग चावी काढून घेतली. माझ्या डब्यात आहे. म्हटलं, "आजीबाई मशीनवर मरायला राजी आहेत, खांबावर नाही." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दवाखान्याला सांगितलंय, ह्यांना ताप आहे. ताप किती दिवस पुरेल? तिथल्या बाई भल्या आहेत. घरातलाच दुसरा माणूस लायसन घेऊन आला तरी चालेल म्हणाल्या. मी शिकते आहे, पण अजून मागे जाता येत नाही. पुढे गेले की तिथेच राहते.

मी तुम्हाला या असं म्हणणार नाही. एकदा म्हटलं होतं.

वहिनी

*

२७ मे

वहिनी,

पत्र वाचलं आणि सरळ मुकादमाकडे गेलो. म्हटलं, भाऊ आजारी आहे, जायचंय. कधी परत येईन सांगता येत नाही.

तो म्हणाला, "जा की. तुला कोणी बांधून ठेवलंय?"

मी म्हटलं, सुट्टी मिळेल ना?

म्हणाला, "मागितली कधी होतीस?"

आता हेही तुम्हाला कळलं. कडक वगैरे काही नाही बिचारा. मलाच वाटत होतं, घरी आलो की कायमचा बसवाल. ज्याला बसायचंच नाही त्याला सगळ्या खुर्च्या तुरुंगच वाटतात. समुद्रावर जायचंही मी निम्मं त्यासाठीच म्हणत होतो.

माझ्या जागी फिटर येईपर्यंत थांबायचं आहे. तो पुढच्या ट्रकने येतो आणि मी त्याच ट्रकने, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर बसून, खाली उतरतो. लायसन माझ्याकडे आहे, सगळं फिरून फिरून ते एकच काम पूर्ण केलंय. दवाखान्याच्या बाईंना सांगून तेवढे दिवस ताप लांबवा. दादाचं ऑपरेशन होऊन हात वर जाईस्तोवर आजीबाईंची बडबड मी ऐकीन. मला ती मानवेल, बोगद्यात फक्त मशीन बोलतं.

दादाला एक सांगा. स्टिअरिंग सरळ करावं लागेल. त्याचं वाकडं त्याच्या हाताला शून्य होतं, माझ्या हाताला नाही. पण ते मी एकटा खोलणार नाही. तो समोर बसेल, शिव्या देईल, मी दात सरकवीन. आणि त्याचा हात आला की तोच परत सांगेल, कुठे शून्य धरायचं.

तुमची नेलपॉलिश थोडी ठेवा.

आणि म्हणावं, हातातलं चाक बांधून ठेव. पायातली मी काढलीत.

भिंगऱ्या

*

३ जून

*भिंगऱ्या,*

*बांधलं. बेल्टने.*

*गाठ डाव्या हाताने मारली आहे. सैल दिसली तर हसू नको. तुझी वहिनी ती सोडू देत नाही कोणाला. तू आल्यावर तूच सोड.*

*येताना चौदाचा पाना आण. घरातला हिने हरवला, आणि नाव माझ्या बहिणीचं घेते.*

*हात जड झालाय रे. स्टिअरिंग नाही.*

*दादा*